उमेद दुसऱ्या वर्षी लागते

धंदा सुरू करताना उमेद कमी पडली, असं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. दुकानाच्या पाटीला हार घालताना, यंत्राला हळदकुंकू वाहताना, पहिल्या बिलाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकताना ती ओसंडून वाहत असते. आटते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. उद्घाटनाला आलेली माणसं तोवर आपापल्या कामाला लागलेली असतात. कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो, गिऱ्हाइकाचे पैसे मात्र ठरल्या तारखेला येत नाहीत. बरोबर शिकलेल्या मित्राने पगाराच्या जोरावर फ्लॅट घेतल्याचं कळतं. अशा दिवसांत सकाळी शटर वर करायला हात उचलत नाही, आणि हे घरी बोलून दाखवायचीही सोय नसते.

या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास एकच औषध दिलं जातं, ते म्हणजे भाषण. सभागृह भरतं, वक्ता शून्यातून उभं राहिलेल्या कुणाची तरी कहाणी सांगतो, टाळ्या पडतात, माणसं भारावून बाहेर येतात. अशी व्याख्यानं मी ऐकली आहेत आणि त्यातले काही वक्ते अगदी पोटतिडकीने बोलतात. पण व्याख्यानाने येणारी हिंमत दोन-चार दिवस पुरते, धंद्याला ती वर्षानुवर्षं लागते. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा, की जे वर्षानुवर्षं टिकले त्यांच्याकडे नेमकं होतं काय? गेल्या साठेक वर्षांत यावर बरंच संशोधन झालं आहे, त्यातला एक मोठा प्रयोग तर आपल्याच देशात झाला. आपल्या उद्योगांचा इतिहासही पुरावा म्हणून हाताशी आहे. हे सगळं शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्यावर माझं मत असं बनलं आहे, की उमेद स्वभावात थोडी आणि कामाच्या मांडणीत पुष्कळ असते. रोजच्या कामाची आखणी, येणारा पैसा, सोबतची माणसं आणि नुकसानीची हद्द यांची घडी नीट बसली तर साधा माणूस टिकतो. ती विस्कटली की भलाभला जिद्दी माणूस ढासळतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मराठी वाचकाला पाठ असते, पण ती बहुतेकदा जिद्दीची गोष्ट म्हणूनच सांगितली जाते. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भाऊ रामूअण्णांसोबत सायकलींच्या धंद्यात पूर्णवेळ उतरले. पुढे कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर केला. नांगर तयार झाला, पण खपेना. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष पसरतं असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, असं सांगतात.

त्या दोन वर्षांत कारखाना कसा तगला, हे आपण विचारत नाही. लक्ष्मणरावांची सगळी भिस्त नांगरावर नव्हती. कडबा कापायचं यंत्र होतं, बांधकामाची कामं ते घेत होते, धंद्याची एक बाजू भाऊ सांभाळत होता. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगांनी आणि सापांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले.

जिद्द यात आहेच, ती कुणी नाकारू नये. पण प्रत्येक पडत्या काळात त्यांच्याजवळ आणखी काहीतरी होतं. नांगर खपत नव्हता तेव्हा दुसरं उत्पन्न होतं, जागा गेली तेव्हा पाठीशी राजा होता, कच्चा माल संपला तेव्हा तो दुसरीकडून मिळवण्याची युक्ती होती. आजच्या तरुणाला ही गोष्ट सांगताना आपण जिद्द तेवढी उचलतो आणि रामूअण्णांना, बिनव्याजी दहा हजारांना, जोडीच्या कामांना गाळून टाकतो. मग तो तरुण घरची जमीन विकून सगळा पैसा एकाच उत्पादनात घालतो, आणि सहा महिन्यांत माल खपला नाही की दोष स्वतःच्या मनोबलाला देतो. हा त्याच्यावर अन्याय आहे.

मांडणीतून उमेद कशी उभी राहते, हे पाहायला लिज्जत पापडाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला सुरुवात केली. छगनलाल करमसी पारेख ऊर्फ छगनबाप्पा यांच्याकडून ऐंशी रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. मग पावसाळा आला आणि पापड वाळेनात. काम चार महिने बंद ठेवावं लागलं. नव्या धंद्याचा जीव जायला एवढी खोट पुरेशी असते. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाळ्याचा प्रश्न सुटला.

पण मला त्या खाटेहून मोलाची वाटते ती त्यांनी घालून घेतलेली शिस्त. देणगी घ्यायची नाही, माल उधार द्यायचा नाही. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड होत होते, त्यातली हलकी प्रत छगनबाप्पांच्या सांगण्यावरून बंद झाली. नफा-तोटा सगळ्या बहिणींनी वाटून घ्यायचा. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, पापड आणून द्यायचे आणि लाटणावळ रोजच्या रोज घ्यायची. या रोजच्या पैशाचं महत्त्व पगारदार माणसाच्या सहज लक्षात येत नाही. दिवसभर राबलेल्या बाईच्या हातात संध्याकाळी पैसे पडले की उद्याचं पीठ न्यायला तिला कुणी समजावावं लागत नाही. पहिल्या वर्षी त्यांची विक्री ६,१९६ रुपयांची होती. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली, आणि आज हजारो बायका त्याच पद्धतीने काम करतात. त्यांना उमेद यावी म्हणून कुणी व्याख्यान ठेवलं नव्हतं.

आता संशोधनाकडे. ‘धंदा रक्तात असावा लागतो’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. त्याची तपासणी करायचं काम हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी केलं. ‘द अचिव्हिंग सोसायटी’ हा त्यांचा ग्रंथ १९६१ चा. त्यांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध आहे. खुंटीवर कडी फेकायची, किती अंतरावरून फेकायची ते खेळणाऱ्याने ठरवायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, काही मुद्दाम लांबून फेकतात. काहीतरी करून दाखवायची ज्यांना आतून ओढ असते ते मधलं अंतर निवडतात, जिथे नेम लागण्याची शक्यता आहे, पण कसबही लागतं. नव्या उद्योजकाने महिन्याची उद्दिष्टं ठरवताना हा खेळ डोळ्यांपुढे ठेवावा. पहिल्याच वर्षी कोटीची उलाढाल करायचं ठरवणं म्हणजे लांबून कडी फेकणं आहे. चुकली तरी लाज नाही आणि लागली तर नशीब, त्यामुळे त्यातून शिकायला काहीच मिळत नाही.

मॅक्लेलँड तिथे थांबले नाहीत. ही ओढ शिकवता येते का, हे पाहायला १९६४ मध्ये त्यांनी आंध्रातल्या काकीनाडा गावाच्या छोट्या व्यापाऱ्यांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत बोलावलं आणि थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. नंतर त्यांच्यावर लक्ष ठेवलं, आणि प्रशिक्षण न मिळालेल्यांशी तुलना केली. प्रशिक्षण घेतलेले व्यापारी जास्त हालचाल करताना दिसले. त्यांनी नवी गुंतवणूक केली, माणसं कामाला लावली, वेळ जास्त दिला. डेव्हिड विंटर यांच्यासोबत लिहिलेल्या १९६९ च्या पुस्तकात हे सगळं मांडलेलं आहे. भारतातल्या उद्योजकता प्रशिक्षणाची मुळं बऱ्याच अंशी या प्रयोगात आहेत. १९८३ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय पातळीवरची संस्था निघाली, १९८८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र निघालं. हेतू उत्तम होता. पुढे मात्र सरकारी कर्ज योजनांसाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागू लागलं, आणि अनेक ठिकाणी वर्गात बसणाऱ्यांचं लक्ष शिकण्यावरून हजेरीवर गेलं. हे बदलायला हवं, कारण ते प्रशिक्षण नीट दिलं तर उपयोगी पडतं याचा पुरावा आता आणखी भक्कम झाला आहे.

तो पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाचा आहे, आणि तो मराठी उद्योजकांपर्यंत फारसा पोचलेला नाही म्हणून थोडा सविस्तर सांगतो. संशोधकांनी राजधानी लोमेमधले पंधराशे छोटे व्यावसायिक घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाला नेहमीचं प्रशिक्षण दिलं, म्हणजे हिशोब, विक्री, पैशाचं नियोजन. दुसऱ्या गटाला पुढाकार घ्यायला शिकवलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. पुढची दोन-अडीच वर्षं त्यांची कमाई तपासत राहिले. नेहमीच्या प्रशिक्षणाने नफा सरासरी ११ टक्के वाढलेला दिसला, पण तो योगायोगही असू शकेल इतका कच्चा आकडा होता. पुढाकाराच्या प्रशिक्षणाने नफा ३० टक्के वाढला. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले.

पुढाकाराच्या वर्गात घोषणा दिल्या जात नव्हत्या. शेजारच्या दुकानात जे मिळतं तेच आपण ठेवतो का, वेगळं काय देता येईल? पुढच्या तीन महिन्यांत कोणती अडचण येऊ शकते आणि ती यायच्या आधी आज काय करता येईल? योजना फसली तर पुन्हा कुठून सुरुवात करायची? अशा प्रश्नांवर प्रत्येकाकडून स्वतःच्या धंद्याबद्दल काम करून घेतलं जात होतं. लग्नाचे पोशाख भाड्याने देणाऱ्या एका बाईंच्या लक्षात आलं, की आसपास कुणी नववधूचे हातमोजे आणि डोक्यावरचं वस्त्र विकत नाही. त्यांनी ते ठेवायला सुरुवात केली आणि धंदा वाढला. मला यातली महत्त्वाची बाब ही दिसते, की पुढचं पाऊल कोणतं हे ज्याला ठाऊक असतं त्याला वेगळी उमेद आणावी लागत नाही. माणूस हतबल होतो तो ‘आता काय करू’ या प्रश्नाचं उत्तर संपलं की.

उमेदीच्या उगमाबद्दल मानसशास्त्रात ज्याचा सर्वाधिक आधार घेतला जातो, तो सिद्धांत एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा. १९७१ मध्ये डेसींनी विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना सोडवण्याचे पैसे मिळाले, ते पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांना कमी हात लावत होते. पुढे या दोघांनी मांडलं, की माणूस मनापासून काम करतो ते तीन गोष्टी मिळाल्या तर. निर्णय आपला असावा, काम आपल्याला जमतंय असं जाणवावं, आणि आपलं म्हणणारी माणसं असावीत.

पहिली गोष्ट, म्हणजे स्वतःचा मालक असणं, हेच अनेकांच्या धंद्याचं मूळ कारण असतं. अमेरिकेतल्या आकडेवारीवर बार्टन हॅमिल्टन यांनी २००० साली दाखवलं होतं, की दहा वर्षं स्वतःचा धंदा करणाऱ्या मधल्या उत्पन्नगटातल्या माणसाची कमाई त्याला नोकरीत जी मिळाली असती त्याहून सुमारे ३५ टक्के कमी होती. तरी ही माणसं धंदा सोडत नव्हती. स्वातंत्र्याची ती किंमत त्यांनी मोजली होती. आपल्याकडचं चित्र हुबेहूब तसं असेल असं नाही, पण ओळखीच्या उद्योजकांकडे पाहिलं की ही गोष्ट पटते. म्हणूनच एका गोष्टीकडे लक्ष वेधावंसं वाटतं. ऐंशी टक्के काम एकाच मोठ्या कंपनीकडून घेणारा छोटा कारखानदार कागदावर मालक असतो. भाव ती कंपनी ठरवते, मुदत ती ठरवते, सुट्टीच्या दिवशी काम करायचं की नाही हेही तीच ठरवते. त्याला पगाराची हमीही उरत नाही आणि मालकीचं समाधानही. अशा माणसाची उमेद आटली तर त्याने पुस्तकं वाचू नयेत, दुसरं गिऱ्हाईक शोधावं.

काम जमतंय ही जाणीव किती बळ देते, याचं माणदेशातलं उदाहरण मला फार आवडतं. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये चेतना सिन्हा यांनी गावच्या बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी कित्येक जणी अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या बायकांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. आम्हाला लिहिता-वाचता कमी येत असेल, पण व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही तो यंत्राशिवाय करायला सांगा, असं त्यांनी तिथे ठणकावलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. नकारातून त्यांनी एकच गोष्ट उचलली: काय शिकायचं बाकी आहे. आणि आपल्याला आधीपासून काय येतं, हे त्या विसरल्या नाहीत. खचलेल्या उद्योजकाला यातला दुसरा भाग बहुतेकदा आठवत नाही.

आठवणीचाच प्रश्न आहे, म्हणून टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांचं काम इथे घ्यायला हवं. सात कंपन्यांमधल्या २३८ माणसांकडून त्यांनी रोजच्या कामाच्या नोंदी लिहून घेतल्या, अशा जवळपास बारा हजार नोंदी जमल्या. २०११ च्या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की माणसाचा कामातला दिवस चांगला जायला सर्वांत मोठं कारण असतं ते अर्थपूर्ण कामात थोडी का होईना झालेली प्रगती. गंमत म्हणजे व्यवस्थापकांना विचारलं तेव्हा त्यांनी प्रगतीला तळाचं स्थान दिलं होतं. याच नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली. एखाद्या पिछेहाटीचा मनावर होणारा परिणाम तेवढ्याच प्रगतीच्या परिणामापेक्षा जास्त असतो. म्हणजे दिवसभरात तीन गोष्टी मार्गी लागल्या आणि एक फसली, तर रात्री आठवते ती फसलेली.

भोसरीत माझ्या ओळखीच्या एका उद्योजकाच्या शेडमध्ये यावरचा उपाय मी पाहिला आहे. त्यांनी अमाबिलेंचं नावही ऐकलेलं नव्हतं. दोन लेथ, एक व्हीएमसी यंत्र, चार कारागीर, कूलंटच्या वासाने भरलेली जागा. दाराजवळच्या टेबलावर शाळेची रेघी वही. संध्याकाळी शेड बंद करण्यापूर्वी ते वहीत दोन रकाने भरतात. डावीकडे आज काय पुढे सरकलं: फ्लँजचे चाळीस नग गेले, नव्या पार्टीचं ड्रॉइंग आलं, ज्ञानेश्वरने एकट्याने सेटिंग केलं. उजवीकडे काय अडलं आणि उद्या सकाळी पहिलं काम कोणतं: ‘सहा नग रिजेक्ट, ड्रिल बदलणे, मग फोन.’ डावा रकाना रिकामा ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. पेमेंट अडकून पगार उशिरा करावे लागलेल्या महिन्यातलीही पानं मी चाळली, डावीकडे काही ना काही होतंच. एखाद्या दिवशी तिथे नुसतं ‘मशीनला तेलपाणी’ लिहिलेलं होतं. सकाळी शेडमध्ये शिरल्यावर पहिलं काम कोणतं हे आदल्या रात्री लिहिलेलं असतं, त्यामुळे विचार करत बसायची वेळच येत नाही, असं ते सांगतात. माझ्या माहितीतली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सवय आहे.

तिसरी गोष्ट माणसांची. व्यापारी समाजातला मुलगा धंद्यात पडतो तेव्हा काका, मामा, शेजारी असे दहा जण त्याला उधारी कशी मागावी ते सांगणारे असतात. पहिल्या पिढीतल्या मराठी उद्योजकाला घरात हे ज्ञान मिळत नाही. घर त्याच्यावर प्रेम करतं आणि काळजीपोटी म्हणतं, ‘बघ बाबा, अजून वय आहे, एखादी नोकरी बघ.’ अशा वेळी समव्यावसायिकांचा गट लागतो. पुण्यात मराठा चेंबर १९३४ पासून आहे. माधवराव भिडे यांनी उभा केलेला सॅटर्डे क्लब मराठी उद्योजकांना एकत्र आणतो. दलित उद्योजकांसाठी मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यातच दलित इंडियन चेंबर सुरू केलं, आणि ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना बाजारात उभंच राहू दिलं गेलं नाही, त्यांच्यासाठी अशा व्यासपीठाचं मोल शब्दांत सांगता येणार नाही. गटात कार्डं वाटण्यापलीकडे एक काम व्हायला हवं: चार जणांनी महिन्यातून एकदा बसून खरे आकडे एकमेकांना सांगावेत. आपल्यासारखंच दुसऱ्याचंही पेमेंट अडकलं आहे हे कळल्यावर स्वतःच्या नालायकीची शंका निघून जाते.

या तीन गोष्टींच्या जोडीला हेतूही लागतो, त्याबद्दल थोडक्यात. उद्योजिका कल्पना सरोज यांनी आजारी पडलेली कमानी ट्यूब्स ही कंपनी हातात घेतली तेव्हा तिच्यावर कर्जांचा आणि खटल्यांचा डोंगर होता, आणि कामगारांची देणी थकलेली होती. त्या कामगारांच्या घरांचा विचार करून आपण पुढे झालो, असं त्या सांगत आल्या आहेत. दुसऱ्याचं पोट आपल्यावर अवलंबून असणं हे बळही असतं आणि ओझंही. त्यातलं काय वाट्याला येईल, हे बाकीची मांडणी ठरवते.

विश्रांतीलाही या मांडणीत जागा हवी. पुण्यात चितळे बंधूंचं दुकान वर्षानुवर्षं दुपारी बंद राहायचं, आणि त्यावर लोकांनी हवी तेवढी चेष्टा केली. धंदा काही बुडाला नाही. आठवड्याचा एक दिवस शटर खाली ठेवणाऱ्या नव्या उद्योजकाला अपराधी वाटायचं कारण नाही.

इथे एक गंभीर बाब सांगितलीच पाहिजे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ मायकल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २४२ उद्योजकांची पाहणी केली. त्यातल्या ४९ टक्क्यांनी आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजाराचा अनुभव सांगितला. पाहणी छोटी होती आणि माणसं स्वतःहून सामील झालेली होती, त्यामुळे आकडा जसाच्या तसा सगळ्यांना लावू नये. पण इशारा खरा आहे. आठवडेच्या आठवडे झोप न येणं, कशातच रस न वाटणं, जगणं नकोसं वाटणं ही उमेदीची कमतरता नव्हे, हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. कर्जाच्या ओझ्याखाली माणूस गेल्यावर हळहळण्यापेक्षा तो असताना हा क्रमांक त्याच्या हातात दिलेला बरा.

आणि थांबण्याचं काय? प्रेरणेच्या बाजारात हा विषय निषिद्ध आहे, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. ज्यांनी आधी स्वतः निर्णय घेऊन पैसे गुंतवले आणि ते बुडाले, त्यांनी त्याच बुडत्या ठिकाणी पुन्हा जास्त पैसे घातले. आपला निर्णय चुकला हे मान्य करण्यापेक्षा आणखी पैसे ओतणं माणसाला सोपं वाटतं. धंद्यात यालाच कधी कधी आपण जिद्द म्हणतो. यावरचा उपाय सरस सरस्वती यांच्या संशोधनात सापडतो. अनुभवी, यशस्वी असे २७ उद्योजक निवडून ते निर्णय कसे घेतात हे त्यांनी बारकाईने तपासलं आणि २००१ मध्ये त्याची मांडणी केली. ही माणसं किती नफा होईल याचं भाकीत करत बसत नाहीत. किती बुडालं तर चालेल, हे ती आधी ठरवतात आणि तेवढंच लावतात.

म्हणून सुरुवातीलाच, डोकं थंड असताना, कागदावर लिहून ठेवावं: एवढी रक्कम आणि एवढे महिने. त्यात घराचं छप्पर, मुलांच्या शिक्षणाचे पैसे आणि बायकोचे दागिने धरायचे नाहीत. हद्द आली की थांबायचं किंवा दिशा बदलायची. अशी हद्द घातलेला माणूस त्या मुदतीत जास्त निर्धास्तपणे काम करतो, कारण सर्वस्व पणाला लागलेलं नसतं. आणि बंद केलेल्या धंद्यातून शिकलेला माणूस दुसरा धंदा जास्त शहाणपणाने उभा करतो. आपल्या समाजाने ‘धंदा बुडवला’ हे वाक्य शिवीसारखं वापरणं सोडायला हवं.

शेवटी पैशाच्या वेळेबद्दल, कारण आतापर्यंतचे सगळे उपाय इथे येऊन हरतात. छोट्या उद्योजकाची उमेद सर्वांत जास्त कशाने मरत असेल तर ‘चेक तयार आहे, साहेबांची सही राहिली आहे’ या वाक्याने. माल गेला, पसंत पडला, वापरला गेला, तरी तीन-चार महिने पैसे नाहीत. तोवर कच्चा माल रोखीने घ्यायचा, पगार द्यायचे आणि जीएसटी स्वतःच्या खिशातून भरायचा.

याला कायद्याची तरतूद आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०१७ पासून सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. आयकर कायद्यात आलेल्या बदलामुळे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशा मुदतीनंतर दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. या तरतुदींचा लाभ घ्यायला उद्यम नोंदणी लागते, ती फुकट आहे आणि घरबसल्या होते. ज्या कारखानदाराने किंवा सेवा देणाऱ्याने ती केलेली नाही त्याने हा आठवडा संपायच्या आत करावी, आणि प्रत्येक बिलावर आपला उद्यम क्रमांक छापावा. तक्रार केली तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे, पण क्रमांक छापलेलं बिल आणि ४५ दिवसांची आठवण करून देणारं नम्र पत्र यात भांडण नसतं.

उरलेली विनंती दुसऱ्या बाजूला बसलेल्या वाचकांना. तुमच्यापैकी अनेक जण कंपन्यांच्या खरेदी विभागात, लेखा विभागात, सरकारी कार्यालयात, सोसायटीच्या कमिटीवर आहात. नवउद्योजकांच्या मेळाव्याला पाहुणे म्हणून बोलावलं तर जरूर जा, चार शब्द बोला. पण त्याआधी तुमच्या टेबलावर एखाद्या छोट्या पुरवठादाराचं बिल पडून असेल, तर त्यावर आज सही करा.